मागच्या सीटवरची तेपाएरू

मित्रांनो, तितिकावेका गावात आलात आणि विलायती फणसाच्या झाडाखाली एक निळसर, रंगाचे पोपडे उडालेली, आरशाच्या जागी नुसती दांडी उरलेली स्कूटर दिसली, तर ती मीच. लोक मला जुनी म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. जुनं व्हायलाही आयुष्य लागतं, आणि माझ्या वाट्याला ते भरपूर आलं.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आम्ही सगळ्या बहिणी एका रांगेत उभ्या होतो आणि अगदी सारख्या दिसत होतो, एवढंच आठवतं. मग आम्हाला खोक्यांत भरलं, जहाजावर चढवलं, आणि कितीतरी दिवस नुसतं डुलणं चाललं होतं. खोकं उघडलं तेव्हा रारोटोंगा बेटाचं लख्ख ऊन माझ्या अंगावर पडलं. समोर एक उंचापुरा, रुंद खांद्यांचा तरुण उभा होता. कानामागे गंधराजाचं फूल खोचलेलं. त्याने माझ्या सीटवर थाप मारली आणि बायकोला विचारलं, "बघ, कशी आहे?"

बायकोच्या कडेवर लहान मुलगी होती. एका हाताने मुलीला आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरची टोपी सावरत ती म्हणाली, "हिच्यावर बसून माझी टोपी उडणार नाही ना?"

तो तामातोआ, माझा धनी. ती तेपाएरू. आणि कडेवरची ती मेरेपेका. त्या दिवशी तिघंही माझ्यावर बसून घरी आले, आणि टोपी दोनदा उडाली.

आमच्या बेटाला एकच मोठा रस्ता, तोही बांगडीसारखा गोल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. इथे घर तिथे स्कूटर. पाद्रीबाबा स्कूटरवर, नर्स स्कूटरवर, नवरीसुद्धा स्कूटरवर. पोरं चालायला शिकण्याआधी स्कूटरच्या पुढ्यात उभं राहायला शिकतात. समुद्र रस्त्याला इतका लागून, की भरतीच्या वाऱ्याबरोबर खारे तुषार अंगावर येतात. मीठ म्हणजे आमचा काळ. वर्षभर कुणी लक्ष दिलं नाही, तर नवी कोरी गाडीसुद्धा पोखरून जाते.

पण माझा धनी जागरूक होता. रोज संध्याकाळी पागोळीच्या पिंपातलं गोडं पाणी काढून तो मला आंघोळ घालायचा. मग जुन्या बनियनचा बोळा खोबरेल तेलात बुडवून माझ्या चाकांच्या तारांवरून फिरवायचा. तेपाएरू पायरीवर बसून अळूची पानं निवडत असायची. ती म्हणायची, "बायकोला कधी एवढं तेल लावलं नाहीस!"

"बायकोला गंज चढत नाही," तो म्हणायचा.

मित्रांनो, ती माझी कष्टाची वर्षं होती आणि तीच सुखाचीही. तामातोआची अळूची खाचरं डोंगराच्या पायथ्याशी होती. तिथून मी अळूच्या गड्ड्यांची पोती आणली. त्याने पहाटे पकडलेले कुपा मासे माझ्या हँडलला लटकत बाजारात गेले. मी गॅसची टाकी नेली, गादी नेली, पोत्यात बांधलेलं आणि सगळा रस्ता शिव्या देणारं डुकराचं पिल्लू नेलं. मेरेपेकाला शाळेत नेलं, पुढे नाचाच्या स्पर्धेला नेलं, आणि एक दिवस विमानतळावरही मीच नेलं. ती न्यूझीलंडला नोकरीला निघाली होती. परत येताना धनी आणि धनीण दोघंही एक शब्द बोलले नाहीत. मीही चढावर कुरकुर केली नाही.

एरवी मात्र त्यांचं सगळं बोलणं माझ्यावरच चालायचं. घरात तामातोआ अबोल होता. बाहेर माणसं असली की तेपाएरू बोलायची नाही. पण दोघं माझ्यावर बसले, की त्यांच्या गप्पांना, भांडणांना आणि हसण्याला ऊत यायचा. ती मागे एका अंगावर बसायची, एक हात त्याच्या पोटाभोवती आणि दुसरा टोपीवर. माडाच्या कोवळ्या पातीची ती पांढरीशुभ्र टोपी तिने स्वतः विणली होती.

"हळू घे. पुढे कुत्रं आहे."

"दिसलं मला."

"मग घेत का नाहीस हळू?"

"मागे बसणाऱ्याने गप्प बसायचं असतं," तामातोआ म्हणायचा. ती गप्प बसायची, पण पुढच्या वळणापर्यंतच.

मग तामातोआच्या पायाला कापलं, मासे पकडताना, प्रवाळाच्या खडकावर. जखम एवढीशी होती. असल्या जखमांना आमच्याकडे कुणी विचारत नाही. पण त्याच्या रक्तात साखर होती आणि जखम भरेना. पायाची बोटं काळी पडली. त्याला विमानाने ऑकलंडला नेलं. तो परत आला तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

अकैती नावाची शेजारीण त्याला आपल्या पिकअपमधून घरी घेऊन आली. तो कुबड्यांवर माझ्या समोरून गेला. मला वाटलं, थांबेल, निदान सीटवर थाप मारेल. त्याने मान वळवली आणि आत गेला. त्यानंतर आतल्या खोलीचा पडदा बंद झाला तो बंदच राहिला. इस्पितळाने नकली पाय दिला होता. तो पलंगाखाली पडून होता. गावातली माणसं भेटायला यायची, पायरीवर बसायची आणि तेपाएरूशी बोलून निघून जायची.

आणि मी झाडाखाली उभी होते. माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या. सायलेन्सरमध्ये गांधीलमाश्यांनी घर केलं. वाऱ्याने एक विलायती फणस पडला आणि माझा आरसा गेला. पावसाचं पाणी साचायचं, त्यावर खारा वारा यायचा, आणि मला आतून गंज चढताना कळायचं. मित्रांनो, मला कुणी मारलं नाही की तोडलं नाही. मला नुसतं विसरले. यंत्राचं मरण असंच येतं. माणसांचंही तसंच येत असावं, कारण पडद्याआडून मला धन्याचा आवाज दिवसचे दिवस ऐकू येत नव्हता.

एका रविवारी प्रार्थनेनंतर मेरेपेकाचा फोन आला. तेपाएरू फोनचा आवाज मोठा करून तो पायरीवर ठेवते, म्हणून सगळं मला ऐकू आलं.

"आई, मी नाताळला येतेय. तुम्हा दोघांना घेऊन जाणार. तिकिटांचं बघते मी."

"आमचं घर आहे इथे."

"घराला कुलूप लागतं, आई. पापाला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं. दवाखाना डोंगरावर, तिथे बस चढत नाही. अकैती किती दिवस पिकअप काढणार? आणि तू शेतावर चालत जातेस आणि चालत येतेस. उद्या तू पडलीस तर?"

 तेपाएरूने आपल्या पावलांकडे पाहिलं. ती खरोखर सुजली होती.

"आणि ती स्कूटर विकून टाक," मेरेपेका म्हणाली. "नुसती सडतेय."

दोनच दिवसांनी एक माणूस मला बघायला आला. त्याने माझ्या टायरला लाथ मारली, हँडल हलवलं, आणि म्हणाला, "चालायची नाही ही आता. सुट्या भागांसाठी नेईन."

तेपाएरू माझ्याकडे बघत राहिली. मग मला लपवावं तशी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "नाही द्यायची," ती म्हणाली. "माफ कर, तुझी फेरी फुकट गेली. नारळपाणी पिऊन जा."

तो गेल्यावर ती कुंपणापाशी गेली आणि हाक मारली, "अकैती! मला ही चालवायला शिकव."

अकैती बाजारात अळूची पानं विकते आणि तिचा आवाज आमच्या गावाच्या घंटेपेक्षा मोठा आहे. तो सगळा आवाज काढून ती हसली. "काकी, या वयात? इतकी वर्षं मागे बसलात तुम्ही. रस्ता कधी समोरून बघितलाय तरी का?"

"म्हणूनच शिकव म्हणते. आता समोरून बघते."

"आणि काका?"

तेपाएरूने पडद्याकडे पाहिलं. "त्याला विचारलेलं नाही. विचारलं तर तो नाही म्हणेल. आणि तो नाही म्हणाला, की मला पटायला लागेल."

अकैतीच्या भावाने माझं पोट उघडलं. त्याने गांधीलमाश्यांचं घर काढलं, कार्ब्युरेटर पेट्रोलमध्ये धुतला, प्लग बदलला. पहिली किक वाया गेली, दुसरीही गेली. तिसऱ्या किकेला मी खोकले, काळा धूर सोडला आणि सुरू झाले. सीटवरच्या कोंबड्या ओरडत पळाल्या. त्या क्षणी पडदा जरासा हलला. निदान मला तरी तसं वाटलं.

शिकवणी मागच्या जुन्या रस्त्यावर सुरू झाली. तिथे वर्दळ नसते, नुसती पपईची झाडं, बांधलेली डुकरं आणि अळूची खाचरं. माझ्या जातीच्या स्कूटरला हाताने दाबायचा क्लच नसतो, पण गिअर पायाने टाकावे लागतात. तेपाएरूला ते जमेना. ती एकदम जोर द्यायची, मी उडी मारायचे, ती किंचाळायची आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवायची. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरळ एका खाचरात गेलो. तेपाएरू चिखलात बसली होती, मी तिच्या शेजारी आडवी होते आणि अकैती बांधावर बसून डोळे पुसत हसत होती.

"काकी, अळू काढायला अजून वेळ आहे!"

"हस," तेपाएरू तोंडातला चिखल थुंकत म्हणाली. "हस आणि हात दे."

त्या संध्याकाळी तिने मला पिंपातल्या पाण्याने धुतलं. कितीतरी महिन्यांनी माझ्या अंगावर गोडं पाणी पडलं होतं. तारांना तेल लावायचं तिला माहीत होतं. इतकी वर्षं तिने पायरीवरून पाहिलं होतं.

आमच्या घरामागे एक छोटा चढ आहे. एका दुपारी ती एकटीच मला घेऊन त्या चढावर निघाली. अर्ध्यावर माझा जीव घाबरा झाला. मी धडधडायला लागले, आता बंद पडणार असं झालं. आणि घरातून, त्या बंद पडद्यामागून, एक गर्जना आली.

"तिसऱ्यावर काय चढतेस! मारशील तिला! दुसरा टाक, दुसरा!"

तेपाएरूने दुसरा गिअर टाकला. मी एका दमात चढ चढले. वर पोचल्यावर तिने मला उभं केलं आणि ती तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडली. रडता रडता हसत होती. कितीतरी महिन्यांत तामातोआ इतक्या मोठ्याने बोलला नव्हता.

घरी गेल्यावर तिने पडद्याबाहेरूनच विचारलं, "तुला कसं कळलं तिसरा आहे ते?"

"मला कान आहेत," आतून उत्तर आलं. "पाय गेलाय, कान नाही."

लायसनच्या परीक्षेला आम्ही अकैतीला घेऊन बेटाच्या मुख्य गावी, अवारुआला गेलो. परीक्षा घेणारा पोलीस सोलोमोना हा तेपाएरूने लहानपणी रविवारच्या शाळेत शिकवलेला मुलगा. तो ओशाळून हसत होता. "आजी, या खांबांना वळसे घालायचे, मग बाजारापर्यंत जाऊन परत यायचं. मी मागून येतो."

वळसे तिने झकास घातले. पण बाजाराच्या रस्त्यावर सगळी ओळखीची माणसं. आमच्या बेटावर ओळखीच्या माणसाला हात न करणं म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखं आहे. तेपाएरूने हँडल सोडून हात केला. फुलवालीला केला, पाद्रीबाबांना केला, फळांच्या दुकानात उभ्या असलेल्या सगळ्या बायकांना केला. माझं हँडल डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एक कोंबडी थोडक्यात वाचली.

"आजी, मी पास करू शकत नाही," सोलोमोना म्हणाला. "तुम्ही सगळा रस्ता एका हाताने चालवलीत."

"अरे, तिथे तुझी सासू उभी होती! तिला हात केला नसता, तर संध्याकाळी तुलाच ऐकून घ्यावं लागलं असतं."

"ते खरं आहे," सोलोमोना हताश होऊन म्हणाला. "पण पोलिसाच्या कामात सासू धरत नाहीत. पुढच्या आठवड्यात या."

ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. अकैती मला ढकलत आत आणत होती आणि घडलेलं सगळं मोठ्याने सांगत होती. कुणाला ऐकू जावं म्हणून, ते मला समजत होतं. सासूची गोष्ट आली आणि आतून एक आवाज आला. आधी तो खोकल्यासारखा वाटला. मग कळलं, तामातोआ हसत होता.

पडदा सरकला. कुबड्यांची टकटक ऐकू आली. माझा धनी ओसरीवर आला. दाढी वाढलेली, खांदे उतरलेले, उन्हाने डोळे बारीक झालेले. तो खुर्चीत बसला आणि बायकोकडे बघून म्हणाला, "देवाने भुवया कशाला दिल्यात तुला?"

"म्हणजे?"

"हात कशाला करतेस? मी आयुष्यभर काय केलं? दोन्ही हात हँडलवर, माणूस दिसलं की भुवया वर. झालं. त्यालाही कळतं, गाडीही सरळ राहते. कर बघू."

तेपाएरूने भुवया उडवल्या.

"एवढ्याने हेल्मेटमधून कुणाला दिसणार? वर, अजून वर! पाद्रीबाबा दिसलेत असं समज."

पुढचा आठवडाभर दुपारच्या वेळी आमच्या ओसरीवर म्हातारा नवरा आणि म्हातारी बायको एकमेकांकडे बघून भुवया उडवत होते. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटलं असेल, दुःखाने दोघांचं डोकं फिरलं. दुसऱ्या परीक्षेत तेपाएरूने सबंध अवारुआला भुवयांनी नमस्कार घातला आणि ती पास झाली. सोलोमोनाची सासू रस्त्यात भेटली नाही. ते त्याचं नशीब.

पण खरी परीक्षा पुढेच होती. तेपाएरूने दुसऱ्या दिवशी सकाळी मला ओसरीपुढे उभं केलं आणि म्हणाली, "चल, दवाखान्यात जाऊ."

तामातोआचा चेहरा बंद झाला. "अकैती येईल पिकअप घेऊन."

"का? माझ्यावर भरवसा नाही?"

"बाईच्या मागे बसू मी? सगळा गाव हसेल."

"मी एवढी वर्षं तुझ्यामागे बसले. कोण हसलं?"

त्याने मान फिरवली.  तिने मला वळवलं आणि एकटी शेतावर गेली. त्या दिवसापासून ती रोज जाऊ लागली. रोज संध्याकाळी ओसरीवर तामातोआ विचारायचा, "अळू कसं आहे?" आणि ती खरं तेच सांगायची.

"पानं पिवळी पडलीत."

"पाणी?"

"वरच्या खाचरात आहे. खालच्यात उतरत नाही."

"पाट तुंबला असेल. मोठ्या दगडापाशी बघितलंस का?"

"कुठला मोठा दगड? तिथे सगळेच मोठे आहेत."

तो कपाळाला हात लावायचा. काडीने जमिनीवर पाटाचं चित्र काढून दाखवायचा. ती दुसऱ्या दिवशी जायची, कमरेत वाकून गवत उपसायची, आणि पाणी काही उतरायचं नाही. मित्रांनो, ती मुद्दाम करत नव्हती. मी बांधावर उभी राहून पाहत होते. पाट तामातोआच्या आजोबांनी बांधलेला होता आणि त्याची खोड फक्त त्यालाच ठाऊक होती.

नाताळच्या आधी मेरेपेका आली. तिने आईला मिठी मारली, ओसरीवर बसलेल्या पापाला पाहून ती थबकली, आणि तरीही दुसऱ्या दिवसापासून बॅगा भरायला लागली. तिचंही चुकत नव्हतं. तिला रोज रात्री तिकडे झोप लागत नसे, असं ती अकैतीला सांगत होती. भांडी खोक्यांत गेली. तेपाएरूने शिवलेल्या फुलांच्या गोधड्या घडी होऊन सूटकेसमध्ये गेल्या. तामातोआ अजूनही मागे बसायला तयार नव्हता, म्हणून तेपाएरूही मदत करत होती. माझी विक्री पुन्हा ठरली. या वेळी त्या माणसाला कुणी नाही म्हटलं नाही.

निघायला थोडे दिवस उरले असताना एका सकाळी तेपाएरू शेतावरून आली आणि पायरीवर बसली. "खालचं खाचर गेलं," ती म्हणाली. "पार सुकलं. गड्डे मऊ पडलेत."

आत मेरेपेका खोक्याला चिकटपट्टी लावत होती. 

"माझा पाय आण," तामातोआ म्हणाला.

तेपाएरूला आधी कळलं नाही.

"पलंगाखालचा. आण. शेतावर जायचंय."

मेरेपेका धावत बाहेर आली. "पापा, काय करतोयस? पडशील! मी पिकअप मागवते."

"पिकअप बांधापर्यंत जात नाही," तो पट्टे आवळत म्हणाला.  "ही जाते."

आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

तेपाएरू पुढे बसली. तो मागे चढला, दोनदा घसरून, तिसऱ्यांदा दोघींनी आधार देऊन. नकली पाय मागच्या खुंटीवर टेकवला. माझ्या पाठीवर ते जुनं, ओळखीचं वजन आलं, पण उलट्या जागी.

"कुठे धरू?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"मी कुठे धरायचे?"

त्याने तिच्या कमरेभोवती हात टाकला आणि आम्ही निघालो.

सुरुवातीला त्याने चेहरा तिच्या पाठीआड लपवला होता. गावच्या दुकानापाशी नेहमीची मंडळी बसली होती. एकाने ओरडून नमस्कार घातला, "किया ओराना, तामातोआ! कुठे निघालास?"

माझ्या धन्याने मान वर केली. क्षणभर मला वाटलं, तो मला थांबवायला सांगेल. पण तो ओरडला, "मला काय विचारतोस? चालवणारीला विचार!"

दुकानापाशी हशा पिकला. त्या हशात टवाळी नव्हती. माणूस परत आला की हसतात तसं ते हसत होते. एक म्हातारा तर उठून उभा राहिला. तामातोआ ताठ बसला. मग चढ लागला आणि तो लगेच सुरू झाला, "दुसरा टाक. अगं, दुसरा..."

"मागे बसणाऱ्याने गप्प बसायचं असतं," तेपाएरू म्हणाली.

तो गप्प बसला, पण पुढच्या वळणापर्यंतच.

शेतावर तो बांधावरून खाली उतरला तो बसूनच, घसरत. नकली पाय काढून त्याने बांधावर ठेवला आणि चिखलात कमरेपर्यंत रुतून तो मोठ्या दगडापाशी गेला. तिथे सगळेच दगड मोठे होते, पण तो बरोबर एकापाशी गेला. त्याखाली हात घालून त्याने मुळं, पानं, एक जुनी चप्पल, असं काय काय बाहेर ओढलं. पाण्याने आधी गुळण्या केल्या. मग ते खळखळत खालच्या खाचरात उतरलं.

मेरेपेका अकैतीच्या पिकअपमधून रस्त्यापर्यंत आली होती आणि तिथून पळत. ती बांधावर उभी राहिली. तिचा बाप चिखलाने माखून तिच्या आईला ओरडत होता, "तिकडचं पाटाचं दारं मोड! तिकडचं! तुझ्या उजव्या हाताचं!" आणि आई ओरडत होती, "माझा उजवा की तुझा?"

 मेरेपेकाने बूट काढले आणि ती चिखलात उतरली.

त्या संध्याकाळी खोकी उघडली गेली. भांडी फळीवर परत गेली. मेरेपेका जाताना सूटकेस भरूनच घेऊन गेली, पण तिच्यात आईबापांचे कपडे नव्हते. आईची एक गोधडी होती आणि सोलून, उकडून, गोठवलेलं अळू होतं. विमानतळावर ती माझ्यावर बसून गेली नाही, कारण माझ्यावर जागा नव्हती. तिला निरोप द्यायला ते दोघं माझ्यावर बसून गेले.

तुम्हाला वाटेल, आता सगळं छान झालं. तसं नाही. तामातोआची साखर वर-खाली होते. पावसात त्याचा पाय दुखतो, जो नाही तोच पाय. खालच्या खाचरातलं निम्मं अळू गेलं ते गेलंच. माझाही गंज पुरता निघालेला नाही आणि ब्रेक लागताना मी कण्हते. पण तेपाएरू त्याला दर आठवड्याला दवाखान्यात नेते, आणि परत येताना दोघं लांबच्या रस्त्याने, सगळ्या बेटाला वळसा घालून घरी येतात. भांडत येतात.

आणि एक नवीनच गोष्ट सुरू झाली आहे. गावात नवरा गेलेल्या, नवरा आजारी असलेल्या, नाहीतर आयुष्यभर मागेच बसलेल्या बऱ्याच बायका आहेत. त्या एकेक करून आमच्या ओसरीशी येतात. आधी इकडचं तिकडचं बोलतात, मग हळूच विचारतात, "मला जमेल का गं?" तेपाएरू त्यांना माझ्यावर बसवते. तामातोआ खुर्चीत बसून शिकवतो आणि ओरडतो. माझ्या दोन्ही बाजूंना नवे ओरखडे आले आहेत आणि गावातलं एकही खाचर आता मला अनोळखी नाही.

मित्रांनो, मला एकच सांगायचं आहे. आम्हाला जपायचं म्हणजे झाकून, बाजूला उभं करून ठेवायचं असं नाही. आमच्यावरचं मीठ रोजच्या रोज धुवा. थोडं तेल लावा. आणि आम्हाला कामावर न्या. तुमच्या घरात कुणी पडद्यामागे बसलं असेल, तर त्यालाही आराम कर, आराम कर असं फार सांगू नका. त्याला विचारा, पाट कुठे तुंबलाय.

बरं, मला आता बोलायला वेळ नाही. आज पाद्रीबाबांच्या थोरल्या बहिणीची पहिली शिकवणी आहे. तिने डोक्यावरचा फुलांचा मुकुट काढून हेल्मेट घातलं आहे, ते उलटं. तिने दोन्ही हातांनी माझं हँडल इतकं घट्ट धरलं आहे, की तिच्या छातीची धडधड मला माझ्या इंजिनासारखी ऐकू येते आहे. ती डोळे मिटून प्रार्थना म्हणते आहे. मी स्थिर उभी आहे, अगदी स्थिर. कारण तिची प्रार्थना संपली, की आम्हा दोघींना निघायचं आहे.